पू नसलेली जखम

ताई,

‘प्रिय’ लिहीत नाही. आज तू मला अजिबात प्रिय नाहीस. तुला दिलेला शब्द काल मी मोडला आणि आईने मला थोबाडीत मारली. तुझ्या वर्षश्राद्धाला, पाहुण्यांसमोर. तुझ्यामुळे! म्हणून लिहितेय.

काल दुपारी, घाटकोपरला आपल्याच घरी, जेवणं आटोपली होती. सुमनमावशी बडीशेप चघळत तुझ्या फोटोकडे बघून म्हणाली, “कितीदा सांगलंय हिका, दात नीट घास म्हणान. आयकल्यान नाय. शेवटी तीच घाण आंगात गेली.” आणि आपली आई, सख्खी आई, मान हलवत म्हणाली, “ऐकायचीच नाही गं.”

माझ्या डोक्यात सणक गेली.

तू दहावीत असताना तुझ्या हिरड्या सुजायला लागल्या. आई मोरीपाशी उभी राहून तुला मिठाने दात घासायला लावायची. “अजून घास. अजून.” मोरीतून लाल पाणी वाहायचं. दातांच्या डॉक्टरने तुझ्यादेखत आईला विचारलं होतं, “मुलगी ब्रश करते की नाही?” सोळाव्या वर्षी समोरचा दात पडला, मग आणखी दोन.

तू भांडली का नाहीस गं? “करते हो मी,” एवढं तरी म्हणायचंस! पण नाही. डॉक्टरला सॉरी, आईला सॉरी. मलासुद्धा! मी आठ वर्षांची होते. मोठ्याने म्हणाले होते, “ताईच्या तोंडाला वास येतो, मी नाही तिच्याशेजारी झोपणार.” तू सॉरी म्हणालीस आणि उशी उचलून स्वयंपाकघरात गेलीस. त्याचं मी आता काय करू, सांग ना?

तुला शाळेत शिकवायचं होतं. फॉर्मही आणला होतास. तो तसाच राहिला आणि तू अंधेरीच्या कॉल सेंटरला लागलीस. “फोनवर तोंड दिसत नाही, झकास काम आहे,” म्हणालीस. मास्कचे दिवस आले तेव्हा अख्खी मुंबई वैतागली होती आणि तू एकटी खूश! मास्क सुटले त्या आठवड्यात तू रजा टाकून घरी बसलीस. तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं.

मग गेल्या वर्षी ती मेली नवीन चप्पल चावली. टाचेला फोड आला, फुटला, लाल झाला, कडेने काळा पडला. तीन आठवडे झाले तरी भरेना. नाक्यावरचे डॉक्टर जखम बघून म्हणाले, “पू नाही, म्हणजे स्वच्छ आहे.” रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या. “इन्फेक्शन आहे, गोळ्या घ्या.” लहानपणापासून तुझ्या प्रत्येक रिपोर्टमध्ये त्या वाढलेल्याच असायच्या! एवढ्या पेशी आहेत, तर साधा फोड का भरत नाही? हा प्रश्न एकालाही पडू नये?

ताप उतरेना तेव्हा तुला मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या मॅडमनी तुझी टाच बघितली, मग तोंड उघडायला लावलं, मग जुने रिपोर्ट चाळले. आणि विचारलं काय, तर “आईबाबा नात्यातले का?” मी म्हटलं, हो, आई म्हणजे बाबांच्या मामाचीच मुलगी. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “एक तपासणी करायचीय. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागेल. तू देशील?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं. दोन काचपट्ट्या होत्या, त्यांच्यावर जेलीसारखा पातळ थर. एकीवर तुझ्या पांढऱ्या पेशी ठेवलेल्या, एकीवर माझ्या. दोन्हीकडे पेशींपासून थोड्या अंतरावर एक रसायन घातलेलं. जंतू सोडतात ना, तसलं.

मॅडमनी समजावलं. अंगात जंतू शिरले की ते रसायनं सोडतात, दुखावलेल्या पेशीही सोडतात. ती आजूबाजूला पसरतात. जखमेपाशी दाट, लांब जाल तसतशी विरळ. पांढऱ्या पेशीला कळतं की आपल्या कुठल्या बाजूला रसायन जास्त आहे. त्या बाजूला ती आपलं अंग पुढे ढकलते आणि सरकत जाते. रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून चिकटते, भिंतीतून बाहेर पडते, जखमेशी पोचते आणि जंतू गिळते. अशा ढिगाने पेशी तिथे मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्याच.

मी मायक्रोस्कोपमध्ये डोकावले. माझ्या पेशी रसायनाच्या दिशेने कुठल्या कुठे गेल्या होत्या. बाकी तीन बाजू जवळजवळ मोकळ्या. मग मॅडमनी पट्टी बदलली. तुझ्या पेशी जिथे ठेवल्या होत्या, तिथेच बसलेल्या!

“जन्मजात दोष आहे,” मॅडम म्हणाल्या. “हिच्या पेशींना चिकटताच येत नाही, म्हणून पुढे सरकता येत नाही. रक्तात गर्दी, जखमेत कोणी नाही.”

“आणि दात?”

“हिरड्यांशी जंतू रोजच असतात. कितीही घासलं असतं तरी हेच झालं असतं.”

स्वच्छ कसली गं ती जखम! पू नव्हता, कारण तिथे कोणी पोचलंच नव्हतं!

मी जिने चढत वॉर्डात आले आणि तुला सगळं सांगितलं. वाटलं, तू चिडशील, शिव्या घालशील. तू छताकडे बघत म्हणालीस, “म्हणजे मी नीट घासायचे ना गं?”

हो म्हटलं. तेव्हा तू हसलीस. तोंडावर हात न ठेवता. आणि लगेच म्हणालीस, “आईला नको सांगूस. तिला वाटेल, तिनेच छळलं मला. शपथ घे.” मॅडमसमोरही हात जोडलेस. सत्तावीस वर्षांची तू, तुझा रिपोर्ट तुझा. त्या काय करणार? मीही मूर्खासारखी शपथ घेतली. पाचव्या दिवशी इन्फेक्शन अंगभर पसरून तू गेलीस. या पेशी जिथे तयार होतात तो बोन मॅरो बदलायचं नुसतं बोलणं सुरू झालं होतं.

वर्षभर मी गप्प बसले. कालपर्यंत.

काल सगळं ओकले. मीठ, मोरी, काचपट्ट्या, तुझी शपथ. बोलून होतंय तोच आईचा हात बसला. मला वाटलं, तू म्हणाली होतीस तेच झालं. पण आई काय म्हणाली माहितीय?

“वर्षभर मी तिच्यावर रागावून बसलेय! ऐकलं असतं तर जगली असती, म्हणून तिच्या फोटोकडे धड बघितलं नाही मी. आणि तुला माहीत होतं?”

कळलं का ताई, काय करून ठेवलंस? आईला दुःख नको म्हणून तू तिला तुझ्यावर चिडलेलं ठेवलंस. एक अख्खं वर्ष! तुला कोणी सांगितला होता एवढा चांगुलपणा?

मावशी मध्येच म्हणाली, “अगो, आमका काय म्हायत होता?”

“आता झालं ना माहीत?” आई तिच्यावर ओरडली. “मग आता एक अक्षर बोलू नकोस.”

नंतर तिने माझ्याकडून दोन्ही काचपट्ट्यांचा मायक्रोस्कोपमधला फोटो मागून घेतला, मॅडमनी मला पाठवलेला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून विचारलं, “ह्यातल्या तिच्या कुठल्या?” मी दाखवल्या. ती त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिली. स्क्रीन सरकायची, मी परत जागेवर आणून द्यायचे. रडलो नंतर. खूप रडलो.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल. पण एक नक्की सांगते. सोमवारी आम्ही दोघी तुझा रिपोर्ट घेऊन आधी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जाणार, मग दातांच्या डॉक्टरकडे. अशी दुसरी कोणी मुलगी त्यांच्यासमोर येऊन बसली, तर तिला घाणेरडी म्हणण्याआधी त्यांना हे माहीत असायला हवं. दोघांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

मी आईला म्हटलं, रिपोर्ट इंग्रजीत आहे, तू बस, मी बोलते.

आई म्हणाली, “तू फक्त वाचून दाखव. भांडेन मी.”

तुझी,
रूपा