रिगवेल्टर आणि आमची टिकली

१ डिसेंबर, सोमवार

— आणि हो, कालचं राहिलंच. तसा शब्द खरंच असतो! बोर्बोरिग्मस. पोटात गुडगुड होते ना, ती. आजीला सांगितलं तर म्हणाली, "गुडगुडायलंय म्हनलं तर कुनाला कळना व्हय?" कळतं की. पण बोर्बोरिग्मस म्हणलं की पोटाला डिग्री मिळाल्यासारखं वाटतं.

आजचे तीन. ग्रोक — दुसरा खायला बसला की आशेनं टक लावून बघणारा. म्हणजे आमचा चुलतभाऊ भुजंगदादा! अल्ट्राक्रेपिडेरियन — ज्यातलं कळत नाही त्यातच अक्कल पाजळणारा. हा शब्द राणीसावरगावच्या पाराला लय पुरेल. आणि तिसरा रिगवेल्टर — उताणी पडलेली, आपलं आपण उठता न येणारी मेंढी. फक्त एवढ्यासाठी एक अख्खा शब्द! पिढ्यान् पिढ्या मेंढ्या आमच्या आणि शब्द काढला कुणी तर इंग्रजांनी. वहीत एकशे बारावा लिहिला. शेजारी चित्रपण काढलं, चार पाय वर.

ही डायरी मराठीत, कारण इंग्रजीतली निकिता मॅडम तपासतात.

३ डिसेंबर

परभणीला स्पर्धा आहे! एक दुर्मिळ इंग्रजी शब्द आणि त्यावर स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट. दोन मिनिटं, इंग्रजीत. गंगाखेडहून आमच्या शाळेतून एकच जण जाणार. मॅडमनी फळ्यावर 'खरी' खाली दोन रेघा मारल्या.

शब्द एकशे अठरा आहेत. गोष्ट एकपण नाही. माझ्या आयुष्यात घडतं काय — बस, शाळा, मेंढ्या.

५ डिसेंबर

आजपण काही घडलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

घडलं.

आजा गावात पेंड आणायला गेला. जाताना म्हणाला, तासभर कळप बघ, टिकलीवर ध्यान ठेव, दिवस भरत आलेत तिचे. टिकली माझी. आमच्यात पोर शाळेत जायला लागलं की कळपातलं एक कोकरू त्याच्या नावचं होतं, तशी ती माझ्या नावची. कपाळावर पांढरा ठिपका.

मी बांधावर शब्दांची वही घेऊन बसले. बघते तर टिकली सरीत पाठीवर पडलेली, चार पाय आभाळाकडं. मला लय हसू आलं. फोटो काढला, स्टेटसला टाकला — 'टिकली मॅडम योगा करताना'. लगेच अकरा जण हसले. मी परत वहीत.

मग आजा पळत येताना दिसला. सत्तरीचा माणूस, अनवाणी! थेट टिकलीला उलटवून उभं केलं. ती परत कलंडायला लागली, तर दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवलं. पोट ढोलासारखं फुगलेलं. तो चोळत राहिला, चोळत राहिला. लय वेळानं तिचे पाय थरथरायचे थांबले.

भुजंगदादा देवगाव फाट्याला गॅरेजवर असतो. त्यानं माझं स्टेटस बघितलं आणि आजाच्या साध्या फोनवर कळवलं, मेंढी उताणी पडलीय, पळा.

आजाला धाप लागली होती. म्हणाला, "उतानी मेंढी म्हंजी घडीभराची मेंढी."

एकशे बारावा. चित्रासकट.

८ डिसेंबर

मीच हिरो! आजीनं गल्लीभर सांगितलं, पोरीच्या मोबाइलनं मेंढी वाचली. भुजंगदादाचा फोन — जीव मी वाचवला, पार्टी कवा? ग्रोक कुठला.

शाळेत मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, हा शब्द माहीत होता म्हणूनच तुला धोका कळला ना? मी मान हलवली. बोलले काहीच नाही, नुसती हलवली. मॅडमचे डोळे भरून आले. म्हणाल्या, भाषणाचं नाव ठेव — एका शब्दानं वाचवलेला जीव.

१० डिसेंबर

निवड झाली! परभणीला मीच!!

भाषण पाठ. टिकली चरायलीय. 'मी धावत गेले, तिला उचललं' या वाक्याला हात कसे करायचे तेपण मॅडमनी दाखवलं.

११ डिसेंबर

झोपताना शब्दांची वही उशाखाली ठेवायचे. आज कपाटात ठेवली.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या परभणी. दुपारी मेंढ्यांपाशी भाषणाची प्रॅक्टिस करत होते. आजा ऐकत बसला होता. भाषणाचं नाव त्याला मराठीत सांगितलं, तर विचारलं, "दीपे, त्या उतान्या मेंढीचा विंग्रजी शब्द तुला कवापासून येतो?"

"एक तारखेपासून."

"आन् टिकली पडली सातला."

आजा टिकलीच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत बसला. चिडला नाही. मग म्हणाला, "उद्या मीबी येतो. टाळ्या वाजवाया."

त्याला इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. मी काहीपण बोलले तरी तो टाळ्या वाजवणार.

संध्याकाळी बसून दुसरं भाषण लिहिलं. त्यात मी धावत नाही, बांधावर बसून हसते. त्या भाषणाला बक्षीस मिळणार नाही.

तूच सांग — उद्या कोणतं करू?