टोरंटोपर्यंतचा धागा

रविवार, ३ फेब्रुवारी २०१९
यंदाही नाही! भूषणचा फोन आला. "आई, सुट्टीच नाही भेटून राहिली. टोरंटोहून येनं म्हनजे खेळ आहे का?" मी बरं म्हटलं. चार वर्षं बरंच म्हणते आहे. नात अडीच वर्षांची झाली, अजून एकदाही तिला मांडीवर घेतलेलं नाही. फोनवर दिसते, पण फोनवरच्या लेकराच्या अंगाला वास नसतो.

ह्यांचा पारा चढला. मागावरून उठले नाहीत, नुसता धोटा फेकत राहिले.

सोमवार, ४
हे जेवले नाहीत. "यायचं असन तं मानूस येते. मनच नाही त्याचं." मला हे ऐकवत नाही.

बुधवार, ६
भूषणला शाळेत बक्षीस मिळालेला पृथ्वीचा गोल ह्यांनी माळ्यावरून काढला. पोरगा किती दूर आहे ते मोजायचं म्हणे! आधी भिंतीवरच्या नकाशावर धागा धरला होता, तो अरबस्तान, युरोप, समुद्र असा गेला. गोलावर कोशाचा रेशमी धागा ताणला, तर तो वरच चढला — हिमालय, मग नुसता बर्फ, पार टोकाजवळून खाली टोरंटो. शेजारची रुपा नववीत आहे, तिने गणित केलं. गोलाच्या पोटाचा वेढा चाळीस हजार किलोमीटर, आपला धागा त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी. साडेबारा हजार!

हे बराच वेळ धागा धरून बसले. धागा खोटं बोलत नाही, यावर ह्यांचा जन्म गेला. मग म्हणाले, "एवढ्या दुरून पोरगं कसं येईन? आता त्याले काही बोलू नको."

राग गेला. रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

शुक्रवार, ८
नातीच्या परकराचं कापड मागावर चढलं. पण उंची? ह्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला, "एवढी असन." मी चार बोटं वर ठेवला. यावरून भांडलो. किती दिवसांनी असं भांडलो!

रविवार, १०
भूषणचा फोन. नुसता आवाज. नेट बरोबर नाही म्हणाला, त्यामुळे नात दिसली नाही. ह्यांनी आपणहून फोन मागितला. "सुट्टी नसन तं नको येऊ, बाबू. लय लांब आहे. आमी मोजलं."

तिकडून भूषण म्हणाला, "हो बाबा. इथं लय बर्फ पडून राहिला."

फोन ठेवल्यावर हे रडले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

बुधवार, १३
ह्यांचा सोबती विणकर तेजराम नागपूरला कोशाचं कापड पोचवून आला. दारातूनच म्हणाला, "वहिनी, इतवारीच्या बाजारात भूषण भेटला, पोरीले खांद्यावर घेऊन. आठ दिवस झाले म्हने सासरवाडीले येऊन. इकडं कधी येते?"

नागपूर. इथून साठ किलोमीटर.

आत माग चालू होता, ह्यांना ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "उद्या येऊन राहिला, भाऊ."