नववा वाटा

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली. गावानं शाळेत तुमचा फोटो लावला, हार घातला, आणि असा गणिताचा मास्तर पुन्हा होणे नाही असं चारचौघांत सांगितलं. मीही मान हलवली, तोंडदेखली. आज बोलते.

मी सातवीत होते. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि तुम्ही भिंतीवरच्या जुन्या नकाशावर आम्हाला खडूनं रेघ मारायला लावली होती. त्याच वर्षी तुम्ही अक्षरांचं गणित काढलं. जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं आणि गोष्ट जशी घडली तशी मांडायची, असं तुम्ही सांगायचात. मला ते फार आवडलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी चार पोरं ब्रह्मपुरीला न्यायची होती, आणि त्यात पास होणाऱ्याची तिथल्या वसतिगृहात सोय होणार होती. आमच्या गावची शाळा सातवीलाच संपायची. यादीत माझं नाव पहिलं, तुमच्याच हातचं. मायनं शेजारणीकडून पत्र्याची पेटीसुद्धा मागून ठेवली होती.

मग त्या रविवारी गावच्या बोडीत जाळं पडलं. तळ्याचं पाणी उतरलं की दरवर्षी सात घरचे गडी मिळून मासोळी धरायचे आणि काठावर पळसाच्या पानांवर वाटे पडायचे. सातांचे सात. आठवा आमचा, कारण बाप जिवंत होता तोवर त्याच जाळ्याला हात लावायचा, आणि मेलेल्याच्या घराला वगळायचं नाही ही रीत. नववा गुरुजींचा, म्हणजे तुमचा. तुम्ही पाण्यात कधी पाय घातला नाही, पण पिशवी घेऊन वेळेवर हजर. त्या दिवशी आमच्या वाट्याला एक मोठी मरळ आली आणि तुमच्या वाट्याला सगळी बारकी. तुम्ही मायला म्हणालात, "बाई, तुमी दोघी मायलेकी. एवढ्या मोठ्या मासोळीचं काय करता?" मायनं खाली मान घालून ती मरळ तुमच्या पिशवीत टाकली. बदल्यात एक बारकी मासोळीही तुम्ही दिली नाही.

सोमवारी फळ्यावर उदाहरण घातलंत. सात जणांनी क्ष मासोळ्या धरल्या आणि सारख्या वाटून घेतल्या, तर एकाला किती? साऱ्या वर्गानं क्ष भागिले सात लिहिलं. माझ्या पाटीवर क्ष भागिले नऊ. हे नऊ कुठून आणले, असं तुम्ही विचारलं, तेव्हा मी उभी राहिले.

"सात जाळेवाल्यायचे, एक आमच्या घरचा, अन् एक तुमचा, गुरुजी."

वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. छडी मारली असती तर बरं झालं असतं. तुम्ही खिशातून यादी काढली, माझ्या नावावर रेघ मारली आणि म्हणालात, "इले उदाहरणच समजत नाई. ब्रह्मपुरीले नेऊन माही फजिती करू का?"

पेटी शेजारणीकडे परत गेली. तीन वर्षांत माझं लग्न झालं. आता अंगणवाडीत खिचडी वाटते, आणि कुणाच्या ताटात किती पडलं हे न बघता वाटणं मला अजून जमत नाही. जळो तुमचं ते गणित! एका मासोळीपायी तुम्ही माझी शाळा खाल्ली, हे मी कधीच विसरणार नाही.

हे पत्र चुलीत जाणार आहे, म्हणून एक खरं लिहिते. नवऱ्याला, लेकीला, सगळ्यांना मी आजवर हेच सांगत आले की मी अजाण होते, जे घडलं ते भोळेपणानं मांडलं. तसं नव्हतं. पाटीवर मी आधी सातच लिहिलं होतं. मग पिशवीत मरळ टाकणारा मायचा हात डोळ्यांपुढे आला. थुंकी लावून मी सात पुसलं आणि नऊ लिहिलं.

उत्तर मला येत होतं, गुरुजी.