सासूबाईंचा कोट

तीर्थरूप आईंना,

सुनेचा वाकून नमस्कार (वाकता येईल तेवढा, त्याचं कारण पुढे येईलच). गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके निघाले आणि ताईंच्या घरी तुम्हांला पहाटे कुणी उठवत नाही, हे वाचून सगळ्यांना बरं वाटलं. इकडे सर्व क्षेम आहे. बटाटे निघाले, कांदे माळ्यावर पसरले, बदकं मजेत आहेत. एवढंच लिहून पत्र पेटीत टाकावं असं तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं आहे. पण त्यांना स्वतः दोन ओळी लिहायच्या नसतात आणि माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही गेलात आणि गायीने असहकार पुकारला. मी बादली घेऊन बसले की ती मान वळवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची (लग्नाआधी मला पाहायला आला होतात, तेव्हा तुम्हीसुद्धा इतकं निरखलं नव्हतं) आणि पान्हा चोरायची. मी तिला चुचकारलं, गूळ चारला, शेवटी हात जोडले. तुमचे चिरंजीव मोठ्या रुबाबात पुढे झाले आणि लाथ खाऊन मागे आले. दुधाच्या गाडीचा माणूस रोज रिकामी बरणी बघून तोंड लपवून हसायचा. मग बाबा म्हणाले, तुझ्या सासूचा खुंटीवरचा तपकिरी कोट घाल, जनावर वासाला भुलतं. मी कोट घातला. गायीने मागे वळूनही पाहिलं नाही, बादली काठोकाठ भरली.

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण कोट गोठ्यापुरता राहीना. मी दिसले की जी बदकं चोच उघडून अंगावर यायची, ती रांगेने मागून यायला लागली. शेळ्या माझ्या एका हाकेवर कुंपणातून परतायला लागल्या, आणि ती हाक मी कधी शिकले नव्हते. मधमाश्यांच्या पेट्यांना मी आजवर लांबूनच नमस्कार केला आहे. परवा त्यांच्याजवळून जाताना मी एका झाकणावर हात ठेवला आणि म्हणाले, हिला हात लावू नका, हिच्यात हिवाळ्यापुरताच मध आहे. तुमच्या चिरंजीवांनी उघडून पाहिलं. तेवढाच होता.

बटाटे काढायला दरवर्षीप्रमाणे शेजारपाजारचे सगळे आले होते. पलीकडच्या मळ्यातल्या काकू माझ्याच वाफ्यात बसल्या आणि दुपारपर्यंत मनमोकळं बोलत राहिल्या. विषय तुमची सून. म्हणजे मी. सून कामाला बरी आहे हो, पण जरा तोंडाळ, असं त्यांचं मत पडलं. आता यावर मी काय करावं? मी मान डोलावली आणि म्हणाले, ‘तोंडाळ तर आहेच, शिवाय हात सैल आहे, तेलाची बाटली आठवडाभर पुरत नाही.’ अगदी मनापासून म्हणाले. घरी येताना वाटेत लक्षात आलं की ही निंदा माझीच चालली होती आणि मला फार बरं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी तुमचे चिरंजीव सरपण टाकून आत आले आणि खाली मान घालूनच म्हणाले, ‘आई, चहा टाक गं.’ मी टाकला. कप घेताना त्यांनी वर पाहिलं आणि कप तसाच घेऊन ते बाहेर निघून गेले. मी कोट काढून पुन्हा खुंटीला लावला आणि ठरवलं की आता तो अंगाला लावायचा नाही. सकाळी धार काढताना बघते तर अंगात कोट. कधी घातला, आठवत नाही. आता तर काढला तरी फरक पडत नाही. डावा गुडघा जिना चढताना धरतो (तुमचा बरा झाला म्हणता, मग तो कुठे गेला हे मी सांगते). चहात साखर नकोशी वाटते. जेवताना बाबा ‘आठवतं ना’ म्हणून सुरुवात करतात, की वादळात खुराड्याचं छप्पर उडालं होतं, आणि ते कोणत्या झाडात अडकलं हे मी सांगते. आई, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

बाबांना विचारलं तर म्हणाले, कोट मुळात त्यांच्या आईचा. तुम्हीही नवी नवरी असताना गायीसाठीच घातला होतात म्हणे. मी विचारलं, त्याआधी आई कशा होत्या? त्यांना ते आठवेना. खरं सांगते, मला फार भीती वाटली.

बाकी ठीक. औषधं वेळेवर घ्यावीत.

तुमची,
सून

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. ताईंनी लिहिलंय की तुम्ही हल्ली स्वयंपाकघरात शीळ घालता, मटार सोलताना निम्मे तोंडात टाकता आणि उगाचच हसता. आई, हे सगळं माझं आहे. कपाट शोधलं तेव्हा उलगडा झाला. निघायच्या गडबडीत माझा हिरवा स्वेटर तुमच्या पिशवीत गेला. मी रागावलेले नाही. इतक्या वर्षांनी तुम्ही हसताय, यात मला आनंदच आहे. पण मला आता शीळ जमत नाही, नुसती हवा जाते. तेवढा स्वेटर परत पाठवावा. कृपा करून धुऊ नये.

आणखी ता. क. : स्वेटर पाठवू नकोस. थंडी वाढते आहे, अंगात असू दे. इकडे यायची घाईही करू नकोस. माहेरी गेल्यासारखी चार दिवस आराम कर, सूनबाई. घराचं मी बघते.