भिंतीला सांगावं, पाणी आलंय

१२ जुलै १९५८, शनिवार

निघालो एकदाचे! आणि भाऊजीही निघाले!!

ठरलं होतं ते असं — पुढे जीप, जीपच्या मागे यांची चाकांवरची खोली, खोलीत दुकानातला माल आणि आम्ही दोघं. दरवर्षी सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारात शिरतं आणि दरवर्षी आम्ही गुळाच्या ढेपा माळ्यावर चढवतो. यंदा यांच्या डोक्यात आलं की माल वर चढवण्यापेक्षा गावाबाहेरच न्यावा. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणि ट्रेलर घेतलेला होताच. सदू सुताराकडून ट्रेलरवर लाकडी खोली चढवून घेतली. वर पत्रा, एक खिडकी, निजायला फळ्या, मागे दार आणि दाराला पायरी. आळीतली पोरं तिला खुराडं म्हणतात. मी बंगला म्हणते. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या पायथ्याशी मुक्काम टाकायचा आणि पुराची भीती सरली की परत यायचं.

लग्नाला अठरा वर्षं झाली. घरात सोळा माणसं. हे आणि मी, दोघंच चार दिवस कुठे राहिलोय असं कधी झालंच नाही. मी मनातल्या मनात फुगड्या घालत होते.

तर ऐन वेळी भाऊजी — यांचे थोरले बंधू चिंतामणी, घराचे आणि दुकानाचे कर्ते — धोतराचा सोगा सावरत पायरी चढले आणि साखरेच्या पोत्यावर बसले. "माल जाईल तिथं मी." झालं! डोक्यावर पदर घेऊन तेलाच्या डब्यांआड बसले आहे आणि हे लिहिते आहे.

१३ जुलै, रविवार

आमच्या घरात थोरल्या दिराशी बोलत नाहीत. त्यांच्यासमोर उभंसुद्धा राहत नाहीत. घरी ते सोपं जातं. दार असतं, दाराआड उभं राहायचं आणि मधल्या एखाद्या पोराला सांगायचं. इथे दार एकच, आणि दाराआड पाऊस!

भाऊजींनी तोड काढली. ते भिंतीशी बोलतात. "चहात आलं असतं तर बरं झालं असतं," भिंतीला. मीही मग भिंतीलाच — "आलं महाडला राहिलं म्हणावं." हे मधे बसून खिडकीबाहेर बघतात आणि यांचे खांदे हलत असतात.

जागा भाऊजींनी निवडली. यांना वर रस्त्याकडेच्या माळावर थांबायचं होतं. "वर वारा आहे, पत्रा उडेल. खाली बघ किती सपाट आहे, आडोसा आहे!" म्हणून खाली, नदीकाठच्या गवतावर. जागा खरंच देखणी आहे. समोर डोंगर, त्यावरून पांढऱ्याशुभ्र धारा, बाजूला भलामोठा करंज. पण त्या करंजाच्या बेचक्यात वाळकं गवत अडकलंय, एका फाटक्या टोपलीचा तुकडा अडकलाय, आणि तेही आमच्या पत्र्याच्या वर! मी महाडची. ते गवत तिथं वाऱ्यानं गेलेलं नाही.

यांना हळूच दाखवलं. यांनी पाहिलं, मान हलवली.

"दादाला कोण सांगणार?"

"तुम्ही!"

"मी दादाला कधी नाही म्हटलंय?"

ते खरंच. शाळेत दादांनी सांगितलं म्हणून यांनी संस्कृत घेतलं, दुकानात दादांनी सांगितलं म्हणून गल्ला घेतला. माझ्याशी लग्न दादांनीच ठरवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

१४ जुलै

गुळाला मुंगळे लागले. मग भाऊजींना.

१५ जुलै, मंगळवार

आज हसू येत नाहीये.

दोघं भाऊ पोलादपुरात जागा बघून आले. दसऱ्याला तिथं आपलं दुसरं दुकान निघायचं आहे. ते हे सांभाळणार, एवढं मला ठाऊक होतं. आज भाऊजी जेवताना म्हणाले, "दत्तू, महिन्यातून एकदा घरी येत जा. बायकामाणसं महाडलाच राहतील. तुझ्या वहिनीला एकटीला सोळा माणसांचं झेपायचं नाही."

हे म्हणाले, "बरं, दादा."

बरं, दादा!! मी पिठल्याचं पातेलं असं आदळलं की भिंतीलासुद्धा ऐकू गेलं असेल.

नंतर विचारलं, जागा कशी आहे? म्हणाले, दुकानामागे दोन खोल्या, न्हाणी आणि परसात शेवगा. दोन खोल्या! मी तिथं भांडी कुठं लावीन तेही मनात ठरवून झालं.

लिहूनच टाकते. मला यांच्याबरोबर पोलादपूरला जायचं आहे. पण सांगायचं कुणी? हे दादांपुढे तोंड उघडत नाहीत. मी भाऊजींशी बोलत नाही. आणि भिंत हा निरोप पोचवेल असं वाटत नाही.

१६ जुलै

पाऊस काय पाऊस! पत्र्यावर असा बडवतोय की दोन वाक्यं ओरडून बोलायची आणि तिसरं सोडून द्यायचं. डोंगर दिसेनासा झाला.

तरी दुपारी वरच्या वाडीतली राहीबाई इरलं घेऊन उतरली. पदरात काकड्या. त्यांच्या बदल्यात चहाची पूड नि साखर हवी होती. आम्ही दोघी दारात बसून चहा प्यालो. बाई मोठी गमतीची. जाताना नदीकडे बघून म्हणाली, "हितं कशाला ऱ्हायलाव गो बाय? वरती चला आमच्याकडं. ही बया कवा आंगावर येल, नेम नाय."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मोठा धीर केला, घसा खाकरला — "दादा, त्या बाई म्हणतात…"

"आपण महाडचे. पाणी आपल्याला नवीन आहे होय?"

"नाही, दादा."

राहीबाई हसत हसत गेली. मला हसू आलं नाही. नदीचा आवाज बदलला आहे. कालपर्यंत ती वाहत होती, आज गुरगुरते आहे. पण सांगणार कुणाला?

१८ जुलै, शुक्रवार
राहीबाईच्या घरी, वाडीवर

जिवंत आहोत. सगळे! आता कालचं लिहिते.

सकाळी रॉकेल संपलं म्हणून हे जीप सोडवून पोलादपूरला गेले. तासाभरात येतो म्हणाले. मागे रस्त्यावर दरड आली ते आम्हाला कुठलं कळायला! बंगल्यात उरलो मी आणि भाऊजी. मधे माणूस नाही. मी तेलाच्या डब्यांकडे तोंड करून, ते गुळाच्या ढेपांकडे.

बाहेर बघितलं तर गवत नव्हतं. पाणी होतं! लाल, गढूळ, चाकं निम्मी बुडालेली. मी भिंतीला म्हटलं, "भिंतीला सांगावं, पाणी आलंय."

भाऊजी भिंतीला म्हणाले, "भिंतीनं घाबरू नये. उतरेल."

थोड्या वेळानं, "पाणी पायरीला लागलं म्हणावं."

"महाडला दुकानाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येतं. मग उतरतं."

"ही महाडची पायरी नव्हे म्हणावं!"

भाऊजींनी एक ढेप उचलून वरच्या फळीवर ठेवली. मग दुसरी. अहो, माणूस गूळ माळ्यावर चढवत होता! मला वर बघून ती करंजाची बेचकी दिसत होती, आणि भाऊजींना गूळ. तेवढ्यात जमीन हलली. जमीन कसली, बंगला! डुगडुगला, एका अंगाला उचलला गेला आणि चहाची खोकी धडाधड माझ्या पाठीवर आली.

पदर कधी पडला कळलं नाही. मी ओरडले. "भाऊजी! उठा! गूळ गेला खड्ड्यात! उतरा म्हणते ना खाली!!"

ते वळून बघतच राहिले. अठरा वर्षांत त्यांनी माझा चेहरा बहुधा पहिल्यांदाच पाहिला. मी त्यांचा हात धरला आणि अक्षरशः ओढलं. दोघं पाण्यात. कमरेएवढं. त्यांचं धोतर माझ्या पायात. ते मधेच थांबले नि मागे वळून म्हणाले, "साखर…!" मी पुन्हा ओरडले, "भाऊजी, साखरेचं नाव काढलंत तर इथंच सोडून जाईन!" मग मात्र चालले. गुपचूप चालले हो! पण मी मनातून पुरती घाबरले होते. यांना तोंड कसं दाखवीन, एवढंच डोक्यात होतं.

काठावर राहीबाईचा नवरा भागोजी दोरखंड घेऊन धावत आला होता. त्यानं टाकला, आम्ही धरला. बंगला गरागरा फिरला आणि करंजाला जाऊन अडकला, दार वर करून. तोही वाडीतल्या माणसांनी बांधून टाकला. गुळाचं काय व्हायचं ते झालं. भागोजी नदीकडे बघून म्हणाला, "आवंदा खालच्या गावाला पानी गॉड लागल!"

यांना दरडीवरून चालत यायला संध्याकाळ झाली. आधी दादांना नमस्कार केला, मग माझ्याकडे नुसतं बघत उभे राहिले. डोळ्यांत पाणी. मला ओरडायचं होतं यांच्यावरही, पण सगळा आवाज नदीवर संपला होता.

राहीबाईनं सगळ्यांना घोंगड्या दिल्या, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी. भाऊजी चुलीशी बसले आणि मांजराला म्हणाले, "थोडी गरम पिठी मिळाली तर बरं." राहीबाईनं कपाळाला हात लावला. "आजून दीर-भावजय बोलत नाय? मगाशी तर पार वरल्या वाडीत आयकू आलं गो! माझी सासू इचारीत व्हती, कोन बाई गुरं हाकतंय?"

वाडी हसली. हे हसले. भाऊजी मांजराकडे बघत राहिले.

२० जुलै, रविवार

दरड काढली. बंगला उभा केला, एक चाक वाकडं झालंय. निघालो.

जीपमध्ये भाऊजी यांना म्हणाले, "दत्तू, नदीवर जे झालं ते घरी सांगण्याचं कारण नाही."

"बरं, दादा."

म्हणजे संपलं. ज्या सुनेनं थोरल्या दिराला हात धरून ओढलं, सोडून जाईन म्हणून धमकावलं, तिला आता पोलादपूर कुठलं! ओरडल्याचा पश्चात्ताप नाही. पण वाईट वाटलं. खूप वाटलं. भागोजीच्या मांजरालाच निरोप देऊन यायला हवं होतं.

२१ जुलै

महाड. बाजारात पाणी येऊन गेलं. माळ्यावर राहिलेला माल कोरडा ठणठणीत! गावाबाहेर नेलेला तेवढा बुडाला. आळीत कुणी काही विचारलं की हे खोकतात.

२२ जुलै, मंगळवार

रात्रीची पंगत. मी दाराआड. जाऊबाई वाढता वाढता म्हणाल्या, "दत्तूभाऊजींची ट्रंक दसऱ्याच्या आत उन्हं दाखवून ठेवायला हवी."

भाऊजींचा घास थांबला. त्यांनी मान वर केली. भिंतीकडे नाही, दाराकडे.

"कालिंदी. बाहेर ये. तुझं काय म्हणणं आहे?"

जाऊबाईंच्या हातातली पळी तशीच. यांनी डोळे मिटून घेतले. मी आले बाहेर. कसंबसं म्हटलं, मला यांच्याबरोबर पोलादपूरला जायचं आहे.

"ऐकू आलं नाही," भाऊजी म्हणाले. "नदीवर ओरडलीस तसं सांग. घरातल्या सगळ्यांना कळू दे."

ओरडले!