चिमणीचा कॉलर माइक

सोमवार, ३ तारीख

नव्या कॉलेजात येऊन आठ दिवस झाले आणि आज मला एकदाचं नाव मिळालं: कान. वर्षाच्या मधेच बदली घेऊन आलेल्या मुलीला आपल्या फिल्ममध्ये कोण घेणार, या काळजीने मावशीच्या घरी मी रोज अर्ध्या जेवणावरून उठत होते. पण दुसऱ्या वर्षाच्या एका गटात आवाज सांभाळणारा मुलगा ऐन वेळी आजारी पडला. त्याचं दुखणं माझ्या पथ्यावर पडलं. देव त्याला बरं करो, पण सावकाश.

गट छोटासाच. दिग्दर्शकाला सगळे कप्तान म्हणतात. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघतो, जसा काही पुढचा शॉट तिथेच लिहिलाय. कॅमेऱ्यावर ताई. आमच्याहून चार वर्षांनी मोठी, नोकरी सोडून शिकायला आलेली, म्हणून सगळ्यांचीच ताई. आणि हिरॉइन चिमणी. मूर्ती एवढीशी, पण तोंडाला झाकण नाही. पहिल्या दहा मिनिटांत तिने मला तिच्या आईचा राग, अर्धवट सुटलेला नाचाचा क्लास आणि अंघोळ करताना गायल्यामुळे शेजाऱ्यांशी झालेलं भांडण, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "तू कान, मी तोंड. आपलं जमणार."

फिल्म वीस मिनिटांची, थरारपट. हरवलेल्या बहिणीला शोधत एक मुलगी बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये येते आणि तिथे कोंडली जाते. घरी आल्यावर आज मी दोनदा वाढून घेतलं. मावशीने कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, ते बघितलं.

मंगळवार, ४ तारीख

जागा बघून आलो. गावाबाहेरचं फळांचं कोल्ड स्टोरेज. यंत्रं विकून झाली, मागे राहिला फक्त मिस्त्री. बावीस वर्षं त्याने तीच यंत्रं चालवली, आता रिकाम्या इमारतीची राखण करतो. आत ओळीने सहा खोल्या. भिंतींना आतून बुचाच्या लाद्या, दारं गादीएवढी जाड, जमिनीत पाणी जायला एक जाळी. चार नंबरच्या खोलीत मी टाळी वाजवली, तर आवाज हातातल्या हातातच विरला. आवाजवाल्यांना याहून काय हवं!

मिस्त्रीने आतल्या बाजूचा गोल दांडा दाखवला. दार बाहेरून बंद झालं तरी तो दाबला की उघडतं. त्याने चिमणीकडून तीनदा दाबून घेतला. काही झालं तरी हा दाबायचा, घाबरायचं नाही, असं बजावलं. चिमणी म्हणाली, काका, मला घाबरायचीच तर हौस आहे.

बुधवार, ५ तारीख

आजचा दिवस जसा घडला तसा लिहून काढते. उद्या मीच स्वतःला वेगळं काहीतरी सांगायला लागेन.

सकाळी अकराला चार नंबरच्या खोलीत कोंडण्याचा शॉट. कॅमेरा बाहेर, फक्त बंद दारावर. आत काय चाललंय ते दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. चिमणीच्या कॉलरला मी माइक लावला. तिच्या छातीचे ठोके हेडफोनमध्ये ऐकू येत होते, तसं सांगितल्यावर ती इतकी हसली की दोन टेक वाया गेले.

तिसऱ्या टेकच्या आधी कप्तान मला आणि ताईला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, आपण बाहेर पडू शकतो हे चिमणीला ठाऊक आहे, ते आवाजात कळतंय. तो बाहेरच्या कडीत लोखंडी गज घालणार होता. दोनच मिनिटं. ताई म्हणाली, हे बरोबर नाही. मग वाकून कॅमेरा नीट करायला लागली. मी नव्या सुनेसारखी मान हलवली. मिस्त्री तेव्हा फाटकाशी होता.

दार बंद झालं. चिमणीने ठरलेली वाक्यं म्हटली. मग दांडा दाबल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. त्यानंतर अगदी हळू, जसं एखाद्याच्या कानात बोलावं तसं, म्हणाली, "कान, ऐकतेयस ना? हे सीनमधलं नाही. उघड. इथे कोणीतरी आहे."

हे फक्त मला ऐकू येत होतं. मी कप्तानकडे बघितलं. त्याने हात वर केला, थांब. मी थांबले.

"कान, माझ्या मागे आहे. उघड गं. कान."

तेवढ्यात श्वास ऐकू आला. तिचा धापा टाकणारा, आणि त्याच्याखाली दुसरा, लांब. तिने श्वास सोडला की तो आत ओढला जात होता. मी हेडफोन अर्धवट काढून नुसतीच उभी. कप्तानने चार मिनिटांनी कट म्हटलं. चार. मी घड्याळ बघत होते.

चिमणी बाहेर आली ती शांत. केस जागच्या जागी, चेहऱ्यावर छोटंसं हसू. आत गार आहे, एवढंच म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने रडत तिला मिठी मारली, तर ती हात सरळ ठेवून उभी राहिली.

आवराआवर सुरू झाली. दार पुन्हा लावलं होतं. चिमणी पायरीवर ताईशी बोलत पाणी पीत होती, माइक अजून तिच्या कॉलरला. तिचे ओठ हलताना मला समोर दिसत होते. हेडफोनमध्ये मात्र ते बोलणं नव्हतंच. हेडफोनमध्ये कोणीतरी दार बडवत होतं. "कान, उघड. कान, उघड."

मी तिच्याजवळ जाऊन माइक काढून घेतला. तिच्या मानेला बोट लागलं. बर्फाच्या लादीला हात लावावा तसं वाटलं.

गुरुवार, ६ तारीख

कप्तानला तिथे नेलं. माइकचे सेल काढून तो पिशवीत ठेवला होता, तरी चार नंबरच्या दाराशी रेकॉर्डर सुरू केला की तिचा आवाज येतो. त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हेडफोन काढून म्हणाला, खरखर आहे नुसती.

मी म्हटलं, खोटं बोलू नकोस.

त्यावर म्हणाला, "चिमणी आज वर्गात माझ्या शेजारी बसली होती. तुला नक्की कोणाला बाहेर काढायचंय?"

मिस्त्री मात्र म्हणाला, उघडून बघायला काय जातं? गजाचं कळल्यापासून तो कप्तानशी बोलत नाही. दार उघडलं. बॅटरी मारून कानाकोपरा बघितला, जाळीसुद्धा उचलली. खोली रिकामी. पुन्हा लावलं.

हेडफोनमध्ये चिमणी रडत होती. दार उघडलं तेव्हा मी तुझ्यासमोर होते, म्हणाली. माझ्या तोंडावर बॅटरी मारलीस. मग पुढे का गेलीस?

शुक्रवार, ७ तारीख

वर्गात ती माझ्या पुढच्या बाकावर बसते. हाक मारली की वळते, विचारलं तेवढंच सांगते. कोणाची खोडी नाही, बडबड नाही. सर म्हणाले, या फिल्मने मुलीला शिस्त लावली.

न राहवून तिच्या आईला फोन केला. काकू, घरात काही वेगळं वाटतं का, असं विचारलं. त्या हौसेने सांगायला लागल्या. पोर शहाणी झाली हो. पांघरुणाची घडी घालते, वाढलं ते खाते, उलट उत्तर नाही. मी विचारलं, अंघोळ करताना गाते का? मग काकू हळूच म्हणाल्या, नाही गात. रात्री कूससुद्धा बदलत नाही. मी उठून बघते.

मी सगळं सांगून टाकलं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, माझ्याकडे ही एवढी तरी आलीय. पुन्हा फोन करू नकोस."

शनिवार, ८ तारीख

ताईचा फोन लागत नाही. घरी निघून गेली म्हणे. फिल्म पूर्ण झाली, सोमवारी कॉलेजात दाखवणार. तो टेक तसाच ठेवलाय. "उघड गं"सकट. कप्तान म्हणाला, यापेक्षा खरं काही मिळणार नाही.

दिवसभर दाराशी बसले. तिचा आवाज बसत चाललाय. आता बडवत नाही, नखाने ओढते. मी तिच्याशी बोलते, तिला ऐकू येत नसावं. दुसरा श्वास मात्र अगदी जवळ आलाय.

मिस्त्रीने दार अकरा वेळा उघडलं. अकराव्यांदा खाली बसला. बावीस वर्षं याच दाराची उघडझाप केली म्हणाला, आणि तोंड झाकून घेतलं.

रविवार, ९ तारीख

आवाज सुधारला! सकाळपासून स्पष्ट. दमलेला नाही, रडका नाही.

म्हणते, आत ये. दार लावून घे. अंधार कर. मग मला तुझा हात धरता येईल, आपण दोघी बाहेर पडू.

पुन्हा पुन्हा तेच. आत ये, कान. आत ये.

मावशीने विचारलं, खात का नाहीस. काय सांगू? मी चार मिनिटं थांबले होते, मावशी. घड्याळ बघत.

सोमवार, १० तारीख

दुपार. तिकडे फिल्म चालू असेल. मिस्त्री जेवायला गेलाय, किल्ली मीच मागून घेतली. जाते. भीती वाटतेय, पण तिला तेव्हा याहून जास्त वाटली असेल. वही बरोबर घेतेय. लिहीत राहिलं की हात स्थिर राहतो.

—

आत. दार ओढून घेतलं. मोबाइलचा उजेड फक्त वहीवर.

आवाज येतोय. हेडफोन गळ्यात आहेत, तरी येतोय. डावीकडून. आलीस, आलीस, आलीस — चिमणीसारखाच, पण मधे श्वास घ्यायला थांबत नाही —

हेडफोन घातले. त्यात दुसरा आवाज. बसलेला. लांबचा. हा तिचा. हाच तिचा.

म्हणतेय, कान, तू आत का आलीस? मी उघड म्हणत होते गं. आत ये असं मी एकदाही म्हटलं नाही.

म्हणतेय, उजेड वर करू नकोस. मान वळवू नकोस. बोलू नकोस, एक शब्दही नाही, ते ऐकून ऐकून शिकतं —

मी बोलले. मघाशी. दोनदा हाक मारली तिला —

कालही. परवाही. दिवसभर दाराशी बसून —

हेडफोनमध्ये ती रडतेय. डाव्या कानाशी गार. कोणीतरी हळू आवाजात घोकतंय, चुकतंय, पुन्हा म्हणतंय. माझ्या आवाजात. मावशी, दार उघड. मावशी, मी आले. मावशी, भूक लागली, वाढ ना, मी आ