सुजलेल्या हातातला चुडा

आबा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग निवलेला नाही. तो निवावा असं मला वाटतही नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. आईच्या छातीत गाठ आली. बारामतीच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, पुण्याला न्या म्हणाले. "परका पुरुष माझ्या बायकूच्या अंगाला हात लावनार न्हाय," म्हणून तुम्ही तिला शेळगावातच ठेवलंत. गाठ फुटायला आली तेव्हा निरवांगीचा मामा बैलगाडी घेऊन आला आणि तुम्हाला न विचारता आम्हा दोघींना बारामतीहून रेल्वेनं पुण्याला घेऊन गेला. ऑपरेशन झालं. काखेपर्यंत कापलं होतं, त्यामुळे त्या बाजूचा हात सुजत गेला, मनगट दंडाएवढं झालं. नर्सनं त्या हातातल्या बांगड्या काढून टाकल्या. "ह्या हाताला ओरखडासुद्धा पडू देऊ नका," असं ती मला पुन्हा पुन्हा बजावत होती.

आम्ही परत आलो तो दिवस आत्ताही समोर दिसतो. आई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली आहे. तुम्ही रानातून येता. कशी आहेस, एवढंही विचारत नाही. तिच्या हाताकडे बघता.

"बांगड्या कुठं हायत? मी मेलोय व्हय?"

"हात सुजलाय, आबा," मी म्हणते. "डाक्टर नको म्हणालेत."

"डाक्टर काय माझ्या घरचा कारभारी हाय?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही कासाराला बोलावलंत. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "आबा, ह्या हातात चुडा बसायचा न्हाय." तुम्ही स्वतः तिचं मनगट धरलंत. ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून आईनं पदर तोंडात कोंबला. एक बांगडी फुटली, काच आत शिरली. हात लालबुंद झाला, ताप चढला, आणि त्या तापातच ती गेली. गाठीनं नव्हे, आबा. लोकांना मात्र तुम्ही गाठच सांगत राहिलात.

वर्षाच्या आत तुम्ही दुसरी आणलीत, माझ्याहून थोडीच मोठी. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं. मी तिला धाकटी आई म्हणू लागले. पुढं तुम्ही गेलात आणि बायका तिच्या बांगड्या फोडायला आल्या, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. आधी तिलाच विचारलं, "तुला काढायच्या हायत का?" तिनं मान हलवली, न्हाय.

"मग एकबी फुटायची न्हाय. ह्या मानसासाठी तर न्हायच."

"अगं, त्याच्या जिवाला शांती कशी मिळंल?"

"मिळू नये, म्हनूनच."

धाकटी आई म्हातारी होईपर्यंत हातभर हिरव्या बांगड्या घालून गावात वावरली. लोक तुमच्या नावानं कुजबुजायचे. मला ते गोड लागायचं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, तरी एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी दारातून मागं सरताना एक म्हातारी म्हणाली, "पोरीचा आवाज बापाचाच हाय." ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं.